घरी कोणी नसताना पार्सल कुठे ठेवायला सांगायचं: ऑर्डर करण्याआधीपासून ते पार्सल हातात पडेपर्यंत

"दादा, घरी कोणी नाहीये, तिथेच कुठेतरी ठेवा ना." पार्सल हरवायची सुरुवात बऱ्याचदा या वाक्यापासून होते. तिथेच म्हणजे नक्की कुठे हे सांगणाऱ्यालाच माहीत नसतं, ऐकणारा गेटवर गाडी चालू ठेवून उभा असतो, त्याच्या पिशवीत अजून ढीगभर पार्सलं बाकी असतात, मग तो समोर दिसेल तिथे ठेवतो, फोटो काढतो आणि निघून जातो. संध्याकाळी आपण येतो तर पार्सल नाही, आणि मग वॉचमन, शेजारी, डिलिव्हरीवाला अशी सगळ्यांवर चिडचिड सुरू.

चूक जागेत कमी आणि वेळेत जास्त असते. सुरक्षित जागा ठरवायचं काम ऑर्डर करायच्या आधीचं आहे, ते आपण अर्ध्या मिनिटाच्या फोनवर उरकायला बघतो. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो क्रमानेच करा, दोन ते चार हे टप्पे एकदाच करायचे आहेत, नंतर प्रत्येक ऑर्डरला फक्त पहिला आणि पाचव्यापासून पुढे.

## टप्पा १ : आधी ठरवा, ही वस्तू ठेवण्यासारखी आहे का?

सगळी पार्सलं एका मापाने मोजू नका. ऑर्डर करतानाच मनात तीन गट करा.

पहिला गट, दाराशी किंवा ठरलेल्या जागी ठेवली तरी चालेल अशा वस्तू. पुस्तकं, कपडे, स्टीलचा डबा, मोबाईलचं कव्हर, झाडू-पोछा, म्हणजे ज्या हरवल्या तर वाईट वाटेल पण झोप उडणार नाही, आणि चार-सहा तास पडून राहिल्या तर खराब होणार नाहीत.

दुसरा गट, माणसाच्या हातातच द्यायच्या वस्तू. मोबाईल, लॅपटॉप, घड्याळ, चांदीची वस्तू, चष्मा, औषधं, काचेचं काहीही. या वस्तूंना जागा नको, माणूस हवा. जागा कितीही चांगली असली तरी.

तिसरा गट, तुम्ही स्वतः घरी असल्याशिवाय मागवूच नका अशा वस्तू. ओपन बॉक्स डिलिव्हरी यातच येते, कारण त्यात डिलिव्हरीवाला तुमच्यासमोर बॉक्स उघडतो, तुम्ही वस्तू बघता आणि मग ओटीपी देता, हे शेजारच्या काकूंनी करावं अशी अपेक्षा ठेवणं त्यांच्यावर अन्याय आहे. जुना फोन देऊन नवीन घ्यायची एक्सचेंज ऑर्डर, फ्रिज-वॉशिंग मशीनसारखी मोठी वस्तू, बँकेचं डेबिट-क्रेडिट कार्ड, पासपोर्ट, आणि थंड ठेवायची औषधं हेही याच गटात. इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात, एप्रिल-मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे दुपारी दारात पडलेलं इन्सुलिन वापरायच्या लायकीचं राहील याचा भरवसा नाही आणि बाहेरून बघून ते कळतही नाही. घरात कोणी इन्सुलिनवर असेल तर कृपया हे सहज घेऊ नका, जवळच्या मेडिकलमधून आणा किंवा घरी कोणी असेल असाच दिवस निवडा.

सावधान : कॅश ऑन डिलिव्हरी आणि "ठेवून जा" या दोन गोष्टी एकत्र होत नाहीत. पैसे दिल्याशिवाय पार्सल मिळणार नाही, आणि शेजाऱ्यांना किंवा वॉचमनला "तुम्ही भरा, मी जीपे करतो" असं सांगायची सवय लावू नका. न मागवलेलं पार्सल सीओडीने पाठवून घरच्यांकडून पैसे काढायचा फसवणुकीचा प्रकार चालतो, आणि तो नेमका अशाच भिडेखातर पैसे देणाऱ्या माणसांवर चालतो. आधी सीओडी निवडलं असेल तर बऱ्याच ॲपमध्ये डिलिव्हरीच्या आधी ऑनलाइन पैसे भरायचा पर्याय मिळतो, तो वापरून मोकळे व्हा.

## टप्पा २ : जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठरवा

खुर्चीत बसून जागा ठरत नाही. दार लावून बाहेर या, जिन्यात उभे राहा, आणि अनोळखी माणसाला काय काय दिसतं ते बघा. मग तेच एकदा रात्री करा, कारण पॅसेजमधला दिवा रात्री चालू असतो की नाही हेही महत्त्वाचं.

चांगल्या जागेसाठी चार गोष्टी बघायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत नाही. पावसाचं पाणी येत नाही, अगदी तिरका पाऊस आला तरी. कुत्रं, मांजर, उंदीर, आणि जिथे माकडं आहेत तिथे माकडं पोचत नाहीत. आणि चौथी गोष्ट, जी सगळे विसरतात, पहिल्यांदाच येणाऱ्या नवख्या माणसाला ती जागा एका वाक्यात सापडते. "डाव्या बाजूच्या कुंडीच्या मागे जी निळी बादली आहे तिच्या पलीकडे" ही जागा तुमच्यासाठी उत्तम असेल, रायडरसाठी नाही.

फ्लॅट असेल तर : दाराबाहेर झाकण किंवा दार असलेला शू रॅक असेल तर पहिल्या गटातल्या छोट्या वस्तूंसाठी ठीक आहे, पण गेटवर एंट्री होते अशाच सोसायटीत. उघडा शू रॅक, पायपुसण्याखाली, दाराच्या कडीला लटकवलेली पिशवी, या जागा नाहीत, या जाहिराती आहेत की घरी कोणी नाही. बाहेर सेफ्टी डोअर असेल तर त्याच्या आणि आतल्या दाराच्या मधली जागा चांगली वाटते, पण त्यासाठी सेफ्टी डोअर उघडं सोडून जावं लागतं, हे करू नका.

चाळ किंवा वाडा असेल तर : इथे जागेपेक्षा माणसं भक्कम. गॅलरीत दिवसभर कोणी ना कोणी असतंच, त्यामुळे सरळ टप्पा ३ वर जा.

बंगला, रो हाऊस, गावातलं घर असेल तर : एकदाच खर्च करा आणि पार्सलची पेटी बसवा. पत्र्याची ट्रंक किंवा जाड प्लॅस्टिकची झाकणाची पेटी, व्हरांड्यात भिंतीला किंवा ग्रिलला बोल्टने आवळलेली, तळाला दोन विटा म्हणजे ओल आणि वाळवी लागणार नाही. कडीला दाबलं की लागतं असं कुलूप उघडं लटकवून ठेवायचं, रायडर पार्सल आत टाकतो आणि कुलूप दाबून जातो, किल्ली तुमच्याकडे. नंबरचं कुलूप लावून त्याचा नंबर ॲपच्या सूचनेत लिहिणारे लोक आहेत, तसं करू नका, तो नंबर किती जणांच्या स्क्रीनवर जातो याचा आपल्याला पत्ता नसतो. एका दिवशी दोन पार्सलं येणार असतील तर पहिल्याने कुलूप लावल्यावर दुसरा अडकतो, तेव्हा दुसऱ्यासाठी शेजारी सांगून ठेवा. आणि घरी मोकळा सोडलेला कुत्रा असेल तर पेटी गेटच्या बाहेरच्या अंगाला, रायडरला आत बोलवायचंच नाही.

सावधान, या जागा कधीच नाहीत :

मीटर रूम आणि विजेचा डक्ट. पुठ्ठा आणि थर्माकोल तिथे ठेवणं म्हणजे आग लागायला सोय करून देणं.

अग्निशमनाच्या होज रीलची पेटी आणि जिन्याचे लँडिंग. आगीच्या वेळी तीच वाट असते, आणि ती मोकळी ठेवणं ही सोसायटीची जबाबदारी असते. पार्सल छोटं आहे, थोडाच वेळ आहे, असं प्रत्येकालाच वाटतं आणि तिथे ढीग लागतो.

स्कूटरची डिकी किंवा गाडी, किल्ली कुठेतरी लपवून. उन्हात उभ्या गाडीच्या आत इतकं तापतं की चॉकलेट, क्रीम, औषधं, पॉवर बँक यातलं काहीही तिथे ठेवू नये, आणि किल्लीची जागा अनोळखी माणसाला सांगणं तर त्याहून वाईट.

टेरेस, बंद पडलेली लिफ्ट, कचऱ्याच्या डब्याजवळ. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, सकाळी कचरा नेणाऱ्या ताईंनी रिकामा बॉक्स समजून उचलला तर त्यांची काहीच चूक नाही.

तपासा : घरातल्याच दुसऱ्या कोणालातरी फक्त एक वाक्य सांगून ती जागा शोधायला लावा. पहिल्या झटक्यात सापडली तरच ती जागा पक्की.

## टप्पा ३ : माणसाला आधी विचारा, गृहीत धरू नका

सगळ्यात जास्त वाद इथे होतात. समोरच्या काकू दिवसभर घरी असतात म्हणून रायडरला परस्पर "समोर द्या" सांगायचं, आणि काकूंना ते दारावरची बेल वाजल्यावर कळतं. दुपारी एक ते चार झोपेची वेळ, कोणाकडे बाळ असतं, कोणाच्या घरात आजारी माणूस. विचारा, आणि वेळही विचारा, कोणत्या वेळेत बेल वाजवलेली चालेल.

शेजाऱ्यांना तीन गोष्टी स्पष्ट सांगून ठेवा: मी फोन करून सांगितलं असेल तरच घ्यायचं, पैसे कधीही द्यायचे नाहीत, आणि बॉक्स फाटलेला किंवा टेप उचकटलेली दिसली तर घ्यायचंच नाही, परत पाठवायचं. याने त्यांच्यावरचं ओझं कमी होतं, नाहीतर बिचारे "घ्यावं की नको" या विचारात फाटका बॉक्स घेऊन बसतात आणि नंतर आपल्याला सांगायलाही त्यांना अवघड होतं. आणि त्याच दिवशी संध्याकाळी जाऊन घ्या, चार दिवस त्यांच्या हॉलमध्ये आपला खोका पडून राहणं बरोबर नाही.

वॉचमन : वॉचमन म्हणजे गोडाऊन नाही. त्याचं काम गेट बघणं आहे, आणि पन्नास फ्लॅटची पार्सलं त्याच्या टेबलाखाली ठेवून गेल्यावर एक हरवलं तर पगारातून कापायची भाषा करणं अतिशय चुकीचं आहे. सोसायटीत पार्सल गेटवर घ्यायची असतील तर कमिटीने ते ठरवून दिलं पाहिजे: झाकलेली जागा, एक रॅक, विंगप्रमाणे कप्पे, आणि एक रजिस्टर. रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, फ्लॅट नंबर, कंपनी, नग किती, आणि नेणाऱ्याची सही, एवढंच पुरे. मायगेट, नोब्रोकरहूड सारखी गेटवरच्या ये-जा ची नोंद ठेवणारी ॲप असतील तर त्यात पार्सल गेटवर ठेवून घ्यायचा पर्याय मिळतो, तो निवडला की गार्डकडे नोंद होते आणि घेताना ती जुळवता येते. ॲप असलं तरी रजिस्टर ठेवा, नेट गेल्यावर तेच कामाला येतं.

वॉचमनची ड्युटी बहुतेक ठिकाणी बारा-बारा तासांची असते. दिवसाच्या माणसाने घेतलं आणि रात्रीच्याला सांगितलं नाही, मग तुम्ही नऊ वाजता आल्यावर "मला माहीत नाही साहेब" ऐकू येतं, आणि तो खरंच सांगत असतो. ड्युटी बदलायच्या वेळी रॅकवरचे नग मोजून रजिस्टरवर दोघांची सही, एवढा नियम लावला की निम्मी भांडणं संपतात.

कोपऱ्यावरचं दुकान : वाणी, इस्त्रीवाला, गिरणीवाले काका, मेडिकल. ज्यांच्याकडे आपलं रोजचं जाणं-येणं आहे तिथे विचारून बघा, एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलामुलींसाठी हा मला सगळ्यात भरवशाचा पर्याय वाटतो. पण दुकानाची दुपारची बंद वेळ आणि साप्ताहिक सुट्टी लिहून घ्या. पुण्यात दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात आणि रायडर नेमका अडीचला येतो.

ऑफिसचा पत्ता : दिवसभर ऑफिसातच असाल तर सरळ तिथे मागवा. आधी रिसेप्शनला विचारा, काही ठिकाणी वैयक्तिक पार्सल घेत नाहीत. पत्त्याचा प्रकार ऑफिस असा निवडा, नाहीतर रविवारी बंद दारावर चक्कर होते.

## टप्पा ४ : ॲपमधला पत्ता आणि सूचना दुरुस्त करा

जागा ठरली, माणूस ठरला, आता ते ॲपमध्ये लिहा. पत्ता ही एक गोष्ट आणि डिलिव्हरीची सूचना ही वेगळी गोष्ट. पत्त्याच्या ओळीत "घरी नसल्यास समोर द्या" असं कोंबू नका, लेबल छापताना ती ओळ अर्धी कापली जाते आणि कधी कधी फ्लॅट नंबरच गायब होतो. आणि लेबलवर "दिवसा घरी कोणी नसतं" असं छापून सगळ्या रस्त्याला दाखवायची गरजही नाही. सूचनेसाठी ॲपमध्ये पत्त्याखाली वेगळा रकाना असतो, बहुतेकांनी तो कधी उघडलेलाच नसतो.

पत्त्यात विंग आधी, मग फ्लॅट नंबर, मजला, मग सोसायटीचं पूर्ण नाव. ए-३०४ आणि बी-३०४ ची अदलाबदल हे "हरवलेल्या" पार्सलचं फार नेहमीचं कारण आहे. खूण म्हणून जुनं बंद पडलेलं टॉकीज देऊ नका, नवीन मुलाला ते माहीत नसतं, आज जे दिसतंय ते द्या.

सूचना छोटी, एका वाक्याची. रायडर मराठीच असेल असं नाही, मुंबई-पुण्यात बाहेरून आलेली बरीच मुलं हे काम करतात, म्हणून साधी हिंदी लिहिली तरी चालेल:

"घर बंद हो तो बी-३०३ में दें। पहले फोन करें।"

किंवा मराठीत: "दार बंद असेल तर गेटवर रजिस्टरमध्ये नोंद करून ठेवा, विंग बी."

सूचनेत काय नको: कुलपाचा नंबर, किल्लीची जागा, "आम्ही १५ तारखेपर्यंत गावाला आहोत".

तपासा : नोंदवलेला मोबाईल नंबर कोणाचा आहे? नवऱ्याच्या अकाउंटवरून बायको मागवते, फोन नवऱ्याला मीटिंगमध्ये जातो, तो उचलत नाही, आणि "कस्टमर उपलब्ध नाही" असा शेरा पडून पार्सल परत. ज्याच्याकडे त्या दिवशी फोन उचलायची सवड आहे त्याचा नंबर द्या, शक्य असेल तर दुसराही. ओटीपी मात्र कोणत्या नंबरवर येणार ते बघून घ्या.

## टप्पा ५ : डिलिव्हरीच्या दिवशी सकाळी

इथे पाच मिनिटं दिली की पुढचा त्रास वाचतो.

ॲपमध्ये "आउट फॉर डिलिव्हरी" आलंय का बघा. आलं असेल तर शेजाऱ्यांना किंवा दुकानात एक मेसेज टाका: कोणती कंपनी, साधारण केवढं पार्सल, पैसे भरलेले आहेत, ओटीपी लागणार आहे की नाही.

त्यांनी "आज मी नाहीये" म्हटलं तर लगेच तारीख बदला किंवा पिकअप पॉइंटचा, म्हणजे ठरलेल्या ठिकाणी स्वतः जाऊन पार्सल घ्यायचा पर्याय असेल तर तो घ्या. पार्सल बाहेर पडल्यावर हे पर्याय बऱ्याचदा बंद होतात, म्हणून आदल्या रात्रीच विचारलेलं बरं.

फोन सायलेंटवरून काढा. रायडरचा फोन अनोळखी नंबरवरून येतो, बऱ्याच कंपन्या दोघांचेही नंबर लपवून मधल्या नंबरवरून कॉल जोडतात, त्यामुळे अनोळखी नंबर ब्लॉक करणारं सेटिंग चालू असेल तर तुम्हाला रिंगच येणार नाही. आणि नंतर त्याच नंबरवर उलटा फोन लावला तर तो लागेलच असंही नाही.

जून ते सप्टेंबरमध्ये अजून एक काम, व्हरांड्यात किंवा दारात पार्सल ठेवायचं असेल तर जाताना तिथे एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी ठेवून जा. कोकणात तर हे विसरूच नका, वरून पाऊस नसला तरी हवेतल्या ओलीने पुठ्ठा संध्याकाळपर्यंत मऊ पडतो.

## टप्पा ६ : रायडरचा फोन आला की काय बोलायचं

क्रम असा ठेवा.

१. आधी त्याला विचारा, "कोणत्या कंपनीचं, कोणाच्या नावाने?" तुमच्या ऑर्डरशी जुळतंय का बघा.

२. तो नक्की कुठे उभा आहे ते विचारा. गेटवर की दारात? मागचं गेट की पुढचं? बऱ्याचदा तो दुसऱ्याच सोसायटीसमोर असतो.

३. ठरलेली जागा किंवा ठरलेला माणूस, एकच, सांगा. "समोर द्या, नाहीतर वॉचमनकडे, नाहीतर राहू दे दारातच" असे तीन पर्याय दिलेत तर तो सगळ्यात सोपा निवडेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

४. ज्याच्याकडे देतोय त्याचा फ्लॅट नंबर रायडरला परत म्हणायला लावा.

५. ठेवल्यावर फोटो काढायला सांगा, लेबल आणि मागची जागा दोन्ही दिसेल असा.

तो "नाही ठेवता येणार" म्हणाला तर वाद घालू नका. काही पार्सलं कंपनीच्या नियमाने ठेवता येतच नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी हरवलेल्या पार्सलचे पैसे त्या मुलाच्याच कमाईतून कापले जातात. तुमच्या सोयीसाठी त्याने हा धोका घ्यावा असं आपण म्हणू शकत नाही. उद्याची वेळ ठरवा. आणि चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसताना चढून आलेला असेल, उन्हातान्हातला असेल, तर शेजाऱ्यांना पाणी विचारायला सांगा.

सावधान : डिलिव्हरीवाला म्हणून फोन करून कोणी "स्टार दोन एक स्टार" किंवा "स्टार चार शून्य एक स्टार" लावून पुढे एक नंबर डायल करायला सांगितलं तर फोन ठेवा. त्या कोडने तुमचे येणारे कॉल दुसऱ्याच्या फोनवर वळतात, आणि मग बँकेचे ओटीपीचे कॉलही तिकडे जातात. चुकून डायल केलं असेल तर लगेच ##००२# डायल करा, सगळी कॉल फॉरवर्डिंग बंद होते. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन.

## टप्पा ७ : ओटीपी, सगळ्यात नाजूक पायरी

ओटीपी म्हणजे तुमची सही आहे. तो दिला की कंपनीच्या हिशोबाने पार्सल तुम्हाला मिळालं, नंतर "मला नाही मिळालं" सिद्ध करणं फार जड जातं. म्हणून "मॅडम, ओटीपी सांगा, मी वर नेऊन देतो" याला होकार देऊ नका, तो मुलगा प्रामाणिक असला तरीही.

बरोबर क्रम: रायडर शेजाऱ्यांच्या दारात पोचतो. शेजारी पार्सल हातात घेतात. नाव, टेप, बॉक्सचे कोपरे बघतात. रायडर तुम्हाला फोन लावून शेजाऱ्यांकडे देतो किंवा शेजारी स्वतःच्या फोनवरून तुम्हाला "हातात आलंय" सांगतात. त्यानंतर ओटीपी. थोडा वेळ जातो, जाऊ द्या.

ओटीपी वाचण्याआधी पूर्ण मेसेज वाचा, फक्त आकडे नाही. मेसेजमध्ये कंपनीचं नाव आणि डिलिव्हरीचा उल्लेख हवा. त्यात रक्कम, बँक, लॉगिन, व्हॉट्सॲप असं काही असेल तर तो पार्सलचा ओटीपी नाही. आणि ओटीपी आधीच शेजाऱ्यांना, वॉचमनला मेसेज करून ठेवणं, रजिस्टरवर लिहून ठेवणं, हे प्रकार बंद करा.

आई-वडील गावी किंवा घरी एकटे असतील आणि पार्सल त्यांच्याकडे जाणार असेल तर हा टप्पा त्यांना फोनवर नाही, समोर बसून समजावून सांगा. ज्येष्ठ माणसं समोरचा माणूस घाईत दिसला की त्याला थांबवायला संकोचतात आणि पटकन आकडे सांगून टाकतात.

## टप्पा ८ : पार्सल उचलताना आणि उघडताना

घरी आल्यावर आधी पार्सल, मग चहा. आत नेण्याआधी जिथे होतं तिथेच एक फोटो. रजिस्टर असेल तर सही, कारण पुढच्या गोंधळात तीच वॉचमनला वाचवते.

दुसऱ्या गटातली वस्तू असेल तर उघडतानाचा व्हिडिओ काढा: आधी लेबल, मग बॉक्सच्या सहाही बाजू, मग टेप कापताना, मग आतली वस्तू, मध्ये न थांबवता. मध्ये तोडून जोडलेल्या व्हिडिओवर लगेच शंका घेतली जाते. बॉक्स आणि आतलं पॅकिंग परत करायची मुदत संपेपर्यंत टाकू नका.

लेबल फाडून मगच खोका कचऱ्यात. त्यावर नाव, पत्ता, बऱ्याचदा मोबाईल नंबर असतो. सोसायटीच्या ग्रुपवर "हे कोणाचं पार्सल?" म्हणून फोटो टाकतानाही नंबर झाका, फ्लॅट नंबर पुरतो.

## पोस्टाने येणाऱ्या वस्तूंचं वेगळं आहे

पोस्टाच्या स्पीड पोस्टला "दारात ठेवून जा" चालत नाही, त्यावर सही लागते. (रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, त्यामुळे कोर्टाची, बँकेची, सरकारी पत्रं आता याच वाटेने येतात.) तुम्ही नसाल तर पोस्टमन सूचनेची चिठ्ठी ठेवतात आणि वस्तू पोस्टात जाते, साधारण सात दिवस तिथे राहते आणि मग पाठवणाऱ्याकडे परत. लोक इथे चूक ही करतात की चिठ्ठी बघून "पोस्टमन परत येतील" म्हणून वाट बघत बसतात. वाट बघू नका, चिठ्ठी आणि फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन पोस्टात जा. स्वतःला जमत नसेल तर ज्याला पाठवताय त्याच्याकडे सही केलेलं अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्राच्या प्रती द्या, आणि पासपोर्ट-बँक कार्डासाठी मात्र स्वतःच जा.

"तुमचा पत्ता अपूर्ण आहे, लिंकवर पंचवीस रुपये भरा" असे पोस्टाच्या नावाने येणारे मेसेज खोटे आहेत. पत्ता दुरुस्त करायला पोस्ट अशी लिंक पाठवत नाही.

## टप्पा ९ : "डिलिव्हर्ड" दाखवतंय पण पार्सल नाही

घाबरून पहिल्याच मिनिटाला ग्रुपवर कोणाचं नाव घेऊन लिहू नका. आधी हे करा: ॲपमधला डिलिव्हरीचा फोटो बघा, मागची फरशी, दाराचा रंग, ग्रिल तुमचंच आहे का. कोणाच्या नावाने घेतलं असं लिहिलंय ते बघा. मग वॉचमनचं रजिस्टर, समोरचे दोन्ही फ्लॅट, आणि दुसऱ्या विंगमधला तुमच्याच नंबरचा फ्लॅट. बऱ्याचदा ते तिथेच निघतं. कधी कधी मात्र पोचायच्या आधीच "डिलिव्हर्ड" मारलेलं असतं आणि पार्सल थोड्या वेळाने किंवा दुसऱ्या दिवशी येतं, तरीही तक्रार त्याच दिवशी टाका, कारण "मिळालं नाही" सांगायची मुदत कमी असते.

तक्रार फोनवर नुसती बोलून थांबू नका, ॲपमध्ये लिहून करा आणि तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. लिहिताना ऑर्डर क्रमांक, डिलिव्हरी दाखवलेली वेळ, त्या वेळी तुम्ही कुठे होता, ओटीपी दिला होता की नाही, आणि रजिस्टरच्या पानाचा फोटो. सोसायटीचे सीसीटीव्ही असतील तर त्याच दिवशी कमिटीला लेखी मागा, बऱ्याच ठिकाणी जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

उत्तर मिळालं नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा, त्यांचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यावाच लागतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि तिचा निकाल एका महिन्यात द्यायचा असतो. तिथेही काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येतं.

## गावाला जाणार असाल तर

गणपतीला, दिवाळीला, मे महिन्यात अर्धी बिल्डिंग गावाला असते, म्हणजे ज्या शेजाऱ्यांवर तुमची सगळी व्यवस्था उभी आहे तेही नसतात. निघायच्या आधी ॲपमधल्या सगळ्या चालू ऑर्डर उघडून बघा, दर महिन्याला आपोआप येणाऱ्या ऑर्डरही, त्या हमखास विसरतात. जे पोचणार नाही ते रद्द करा किंवा तारीख पुढे ढकला. सेलच्या दिवसांत डिलिव्हरी दोन-चार दिवस लांबू शकते, त्यामुळे "निघायच्या आदल्या दिवशी येईल" या हिशोबावर आजीसाठीची साडी किंवा भाच्याचं खेळणं मागवू नका, सरळ गावाच्या पत्त्यावर मागवा, पिनकोड टाकून तिथे डिलिव्हरी मिळते का ते आधी बघून. गावात पत्ता लिहिताना वाडी, आळी आणि घरातल्या मोठ्या माणसाचं नाव टाका, आणि फोन नंबर तिथे ज्याला रेंज असते त्याचा.